पोरगं हुशार आहे पण बोलत नाही? आधी वही घ्या, मग कान तपासा

भुसावळला आमच्या गॅलरीतून रेल्वेचं यार्ड दिसतं. मुलगा सव्वादोन वर्षांचा होता तेव्हा मालगाडीचं इंजिन कुठलं आणि एक्स्प्रेसचं कुठलं हे त्याला लांबून कळायचं, २४ तुकड्यांचं पझल तो माझ्याआधी लावायचा, दाराची कडी, डब्याचं झाकण, मोबाईलचा पॅटर्न, काही म्हणून त्याच्यापासून सुटत नव्हतं, आणि शब्द होते सहा. मोजून सहा. त्यातले दोन तर नुसते आवाजच, "भों" आणि "झुक".

घरात दोन पार्ट्या पडल्या. सासूबाई म्हणायच्या, अगं याचा बाप साडेतीन वर्षांचा होईस्तोवर मुका होता, आज बघ कसा भांडतो. आणि माझी मावसबहीण रोज रात्री व्हॉट्सॲपवर ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे, व्हिडिओ पाठवायची. मी मधल्यामधे. आणि खरं सांगू का, मी सासूबाईंच्या पार्टीत गेले, कारण ते ऐकायला बरं वाटायचं. एवढं हुशार पोरगं, त्याला काय होणार! त्या हुशारीने मला आठ महिने फसवलं. तीन वर्षांचा व्हायला एक महिना असताना कानाची टेस्ट केली तर दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलेलं निघालं, म्हणजे इतके दिवस त्याला आपण पाण्याखाली असल्यावर येतं तसं दबलेलं ऐकू येत होतं, आणि तो आमचे चेहरे, हातवारे, रोजची वेळ यांवरून सगळं बरोबर ओळखून घेत होता. हुशार मूल कमी ऐकू येणं झाकून टाकतं, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय, मी ज्या क्रमाने केलं तसं नाही, ज्या क्रमाने करायला पाहिजे होतं तसं.

पहिलं काम: वही

दोनशे पानी नको, साधी चाळीस पानी घ्या. पंधरा दिवस रोज लिहायचं. डॉक्टरकडे गेल्यावर "किती शब्द बोलतो?" विचारलं की आपण "बोलतो ना थोडं थोडं" असं काहीतरी सांगतो आणि नवरा वेगळंच सांगतो, तसं नको व्हायला.

शब्द कसे मोजायचे ते आधी बघू. मुलाने स्वतःहून, त्याच अर्थाने, पुन्हा पुन्हा वापरलेला आवाज म्हणजे शब्द. तो स्पष्ट असायची गरज नाही. पाण्याला कायम "पा" म्हणत असेल तर तो शब्द झाला. गाडीला "भों", गाईला "हम्मा", हेही धरायचे. पण तुम्ही "बोल आंबा" म्हटल्यावर लगेच "आंबा" म्हणाला आणि नंतर कधीच नाही, तर तो धरू नका. आणि घरातल्या सगळ्या भाषांचे शब्द एकत्र मोजायचे. माझं माहेर अमळनेर, आई त्याच्याशी अहिराणीत बोलते, सासरी लेवा बोली, शेजारी रेल्वेतले हिंदीवाले. त्याचे सहा शब्द तीन भाषांतले होते. तेव्हा मला एकाने सल्ला दिला की अहिराणी बंद करा, पोरगं गोंधळतंय. हे चूक आहे. जास्त भाषा कानावर पडल्याने मूल बोलायला उशीर करत नाही, आणि ज्या आजीला अहिराणीतच लाड करता येतात तिला गप्प केलं तर मुलाच्या कानावर पडणारं बोलणंच कमी होतं. उलटं नुकसान. आजीला "आठे ये" (इकडे ये) म्हणू द्या.

आपल्याकडची अजून एक गंमत, लेवा बोलीत ळ चा य होतो. केळं म्हणजे केय, डोळा म्हणजे डोया. बाहेरगावच्या स्पीच थेरपिस्टला, म्हणजे बोलायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाला, हे माहीत नसतं, आमच्या वेळी "केय" हा उच्चारदोष म्हणून लिहिला गेला होता, मग मी सांगितलं की मॅडम आमच्या घरात रावेरच्या केळीच्या बागा असलेले सगळेच केय म्हणतात. तुमच्या घरात जे जसं बोलतात ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

साधारण हिशोब असा: दोन वर्षं पूर्ण होताना ५० च्या आसपास शब्द आणि दोन शब्द जोडणं, "पप्पा गाडी", "दूध दे" असं. याच्या बरंच खाली असेल तर उशीर म्हणायचा. असा उशीर काही दुर्मिळ नाही, दोन वर्षांच्या दहा मुलांत एखाददुसरं सापडतंच, आणि मुलींपेक्षा मुलगे जास्त. त्यातली बरीच पुढे भरून काढतात, हे खरं. पण कोण भरून काढणार आणि कोण नाही हे दोन वर्षांच्या पोराकडे बघून छातीठोक कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तर वही.

शब्दांपेक्षा महत्त्वाच्या गोष्टी पुढे आहेत, आणि मी त्याच लिहिल्या नव्हत्या.

समज किती आहे. हे बघताना आपण नकळत चीटिंग करतो. हातात पिशवी घेऊन, दाराकडे बघत "चप्पल आण" म्हटलं तर पोरगं चप्पल आणणारच, त्याने शब्द ऐकला असं नाही. हात मागे बांधा, नजर त्याच्याकडेच ठेवा, आणि वेळेला न शोभणारं काहीतरी सांगा, "चमचा आजीला दे". दोन वर्षांच्या मुलाला "बॉल घे आणि पप्पांना दे" असं जोडकाम जमायला हवं. जमलं तर लिहा, नाही जमलं तरी लिहा.

बोट दाखवतो का, आणि कशासाठी. बिस्किटाच्या डब्याकडे बोट म्हणजे मागणं. पण आभाळातल्या विमानाकडे बोट करून मग तुमच्या तोंडाकडे वळून बघणं, की आई बघितलंस का, ते वेगळं आणि जास्त मोलाचं. नुसता तुमचा हात धरून डब्यावर नेऊन ठेवत असेल, तुमच्याकडे न बघता, तर तेही लिहा.

खोटं खोटं खेळतो का. बाहुलीला भाकर भरवणं, रिमोट कानाला लावून फोन करणं.

आणि आधी येत असलेले शब्द गेले का. गेले असतील, किंवा आधी हसून बघायचा आणि आता बघत नाही असं असेल, तर पंधरा दिवसांची वही वगैरे सोडा, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा, कुठल्याही वयात. तसंच वर्षाचा झाला तरी बाबाबा-दादादा नाही, बोट नाही, टाटा नाही. सोळा महिने झाले तरी एक शब्द नाही. या गोष्टींनाही थांबायचं नसतं.

शेवटचं पान हुशारीचं ठेवा. काय काय येतं, आणि ते करताना तुम्हाला सामील करून घेतो का एकटाच रमतो. हे का ते पुढे सांगते. सोबत फोनवर दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ काढा, खेळताना, जेवताना, आणि दुसऱ्या मुलांत. दवाखान्यात पोरं हमखास भिंत होतात.

दुसरं काम: कान, आणि यात ऑप्शन नाही

"दार वाजलं की वळतो, कुरकुऱ्याचं पाकीट फोडलं की दुसऱ्या खोलीतून येतो", ही टेस्ट नाही. पाकिटाचा आवाज आणि "स", "त", "फ" ऐकू येणं यात फरक आहे. जन्मल्यावर कानाची टेस्ट पास झाली होती म्हणून आत्ता ठीकच असेल असंही नाही, पाणी नंतर साचतं, सर्दी-खोकल्याच्या पोरांत तर जास्तच.

टेस्ट साधारण तीन. ओएई, कानात छोटं बटण ठेवून दोन-चार मिनिटांत होते, पोरगं शांत पाहिजे एवढंच. टिम्पॅनोमेट्री, पडद्यामागे पाणी आहे का ते दाखवते. आणि बेरा, डोक्याला पट्ट्या चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का बघतात, यात मूल झोपलेलं लागतं. गरज पडली तर झोपेचं औषध देतात, ते तिथेच, त्यांच्या देखरेखीखाली, घरून देऊन न्यायचं नाही. आमची पहिली फेरी अशी वाया गेली: पहाटे चारला उठवून जागं ठेवलं, भुसावळ ते जळगाव गाडीत पठ्ठ्या इंजिन बघत टक्क जागा, आणि स्टेशनवरून रिक्षात बसल्या बसल्या झोपला, वीस मिनिटांत झोप पूर्ण, टेस्टच्या खोलीत नाच. तर झोपेच्या वेळेचा हिशोब दवाखान्यात पोचण्यापासून मांडा, घरून निघण्यापासून नाही, आणि रिक्षात गाणी म्हणा, चिमटे काढा, काहीही करा.

पाणी निघालं तर घाबरू नका, बऱ्याचदा ते आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर साधारण तीन महिने वाट बघून परत तपासतात. आमचं ओसरलं. पण दुसऱ्या दिवशी पोरगं घडाघडा बोलायला लागलं असं काही झालं नाही हां. थेरपी पुढे चौदा महिने चालली.

तिसरं: कोणाकडे जायचं

आधी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. ते "मुलगा आहे, बोलेल" म्हणून परत पाठवतील, आम्हाला पाठवलं होतं, तेव्हा वही उघडून पुढे ठेवा आणि सरळ म्हणा की मला कानाची टेस्ट आणि स्पीच थेरपिस्टची चिठ्ठी पाहिजे. भांडायचं नाही, पण खुर्चीवरून उठायचंही नाही.

सरकारी रस्ताही आहे आणि लोकांना माहीत नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, आरबीएसके म्हणतात त्याला, त्यांची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी करते, त्यात वाढीतला उशीरही येतो. अंगणवाडी ताईला सांगून ठेवा की टीम आली की फोन कर. ते पुढे डीईआयसीला पाठवतात, म्हणजे जिल्हा पातळीवरचं लवकर उपचाराचं केंद्र, तिथे पैसे लागत नाहीत. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. शहादा-धडगाव-अक्कलकुवा साईडच्या लोकांना तर हाच रस्ता जवळचा, पावरी किंवा भिलोरी बोलणारं घर असेल तर तेही तिथे आवर्जून सांगा. मोठी तपासणी लागलीच तर मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, वाक् आणि श्रवणासाठीच.

खाजगी थेरपिस्ट निवडताना एक बघा, आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. नंबर विचारा, त्यात लाजायचं काय. "सहा महिन्यांत बोलता करून देतो" अशी गॅरंटी देणाऱ्याकडून चप्पल घालून निघा.

दर आठवड्याला चोपडा-पारोळ्याहून जळगावला जाणं जमत नाही, कापसाच्या दिवसांत तर नाहीच. तर थेरपिस्टला सांगा, महिन्यातून एकदा येईन, मला शिकवा, मी घरी करेन. चांगले थेरपिस्ट तसंही हेच म्हणतात, या वयात खरी थेरपी घरात होते.

मधेच एक: हुशारीचं काय करायचं

उशिरा बोलणाऱ्या हुशार पोरांना "आइन्स्टाइन सिंड्रोम" म्हणायची एक पद्धत पडलीय. हे नाव थॉमस सोवेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने रूढ केलं, त्यांचा स्वतःचा मुलगा उशिरा बोलला होता. त्यांना अशा बऱ्याच मुलांच्या घरात इंजिनियर, हिशोबनीस, संगीतवाले सापडले. पण ते डॉक्टर नव्हेत, आणि हे काही वैद्यकीय निदान नाही, कुठल्या रिपोर्टवर हे येत नाही. आइन्स्टाइन उशिरा बोलले हे खरं, त्यांनीच लिहून ठेवलंय. पण त्याच पत्रात हेही आहे की आई-वडिलांनी काळजीने डॉक्टरला दाखवलं होतं. हा अर्धा भाग कोणी फॉरवर्ड करत नाही! रामानुजनही पहिली तीन वर्षं फारसे बोलले नाहीत असं चरित्रात आहे. पण उशिरा बोललेली आणि पुढे काही भलतंच न झालेली पोरं लाखो आहेत, त्यांचं चरित्र कोणी लिहीत नाही एवढंच.

दुसऱ्या बाजूने सांगते. आकडे येणं, एबीसीडी ओळखणं, पझल, गाड्यांचे नंबर पाठ असणं, हे ऑटिझम असलेल्या मुलांतही दिसतं आणि नसलेल्यांतही दिसतं. माझ्या नात्यातली एक मुलगी अडीच वर्षांची असताना दुकानांच्या पाट्या वाचायची, सगळे कौतुक करायचे, पण नावाने हाक मारली तर बघायची नाही आणि कधी काही दाखवायला आणायची नाही. तिचं निदान ऑटिझमचं झालं, वेळेत झालं, आणि तिच्या वाचनाचाच वापर करून तिला बोलायला शिकवतायत, छान चाललंय. माझा मुलगा इंजिन दिसलं की मला ओढत न्यायचा, माझ्या तोंडाकडे बघून हसायचा. फरक हुशारीत नव्हता, ती हुशारी तो कोणाबरोबर वाटून घेतोय का यात होता. तरीपण हा फरक ठरवणं माझं-तुमचं काम नाही, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून तज्ज्ञांपुढे ठेवणं एवढंच आपलं.

आणि बुद्ध्यांक काढायची वेळ आली तर विचारून घ्या की टेस्ट बोलून उत्तर द्यायची आहे का हाताने करायची. न बोलणाऱ्या मुलाची बोलून घ्यायची टेस्ट घेतली तर मार्क कमी येणारच, आणि तो कागद फाईलला चिकटून राहतो. आकार बसवायचे फॉर्म बोर्ड असतात, तसल्या टेस्ट मागा.

घरी काय करायचं

दिवसातून तीन वेळा पंधरा मिनिटं. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि पुढे दिवसाला एक तासाच्या आत. मला माहितीये जेवताना लागतो, आमच्याकडेही लागायचा, पण हे पंचेचाळीस मिनिटं तरी नको.

त्याला जे आवडतं त्याच्यातच घुसायचं. मी आधी फळांचे चार्ट, प्राण्यांचे चार्ट घेऊन बसायचे, आणि तो पळून जायचा, त्याला आंब्यात काडीचा इंटरेस्ट नव्हता. थेरपिस्ट म्हणाल्या, यार्डात बसा. मग आम्ही गॅलरीत बसायला लागलो. गाडी आली. "आली." गेली. "गेली." लांब गाडी. लाल गाडी. थांबली. त्याचे पुढचे पंधरा शब्द सगळे रेल्वेचेच होते, आणि "आली-गेली" मग पप्पांना, दूधवाल्याला, लाईटला लागले. आपल्याकडे लाईट रोज येते-जाते, प्रॅक्टिसला तोटा नाही. तुमच्या पोराला ट्रॅक्टर आवडत असेल तर ट्रॅक्टर, स्क्रू-पाना आवडत असेल तर गॅरेज मांडा.

बसताना त्याच्या समोर, तोंड त्याच्या डोळ्यांच्या लेव्हलला. आणि प्रश्न बंद. "हे काय? कलर कुठला? बोल ना" हे मी दिवसात शंभरदा करायचे, तो तोंड फिरवायचा. त्याऐवजी तो जे बघतोय त्याचं नाव घ्या आणि थांबा. थांबणं हे सगळ्यात अवघड काम आहे. मनात दहापर्यंत मोजा. आपल्या घरात कोणी दोन सेकंदही गप्प बसत नाही, त्यामुळे पोराची पाळीच येत नाही.

तो "गाडी" म्हणाला की तुम्ही एकच शब्द वाढवायचा, "लाल गाडी". लांबलचक वाक्य नाही. चुकीचं बोलला तर "असं नाही, असं म्हण" करायचं नाही, बरोबर करून आपणच म्हणायचं आणि पुढे जायचं.

हुशार पोरं न बोलता काम करून घेण्यात पटाईत असतात, म्हणून थोडी अडचण मुद्दाम तयार करा. खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यात द्या, पेला द्या पण पाणी ओतू नका, जोडातली एकच चप्पल पुढे करा, आणि बावळटासारखा चेहरा करून थांबा. केळं का बिस्कीट, दोन्ही हातात धरून विचारा. पण हे रडवण्यापर्यंत नेऊ नका. "बोलल्याशिवाय पाणी नाही" असं एका ओळखीच्या घरात बघितलंय, पोरगं तहानेने रडून झोपलं. इशारा केला, नजर दिली, आवाज काढला, द्या लगेच, आणि देताना शब्द म्हणा.

रोजची गाणी, बडबडगीतं म्हणताना शेवटचा शब्द सोडून द्या. आमच्याकडे पहिला पूर्ण केलेला शब्द असाच आला, रात्री साडेनऊला, मी अर्धवट झोपेत होते आणि मला खरं वाटलं नाही.

घरचे, पाहुणे आणि उपाय

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), कानबाईच्या रोटांच्या सणाला सगळा गोतावळा जमतो आणि प्रत्येक जण पोरासमोर वाकून "बोल रे, काका म्हण" करतो. आधीच फोन करून सांगून टाका की त्याला बोलायला सांगू नका, त्याच्याशी खेळा. ऐकत नाहीत, पण निम्मे ऐकतात.

पोपटाचा उष्टा पेरू खाऊ घाला, जिभेवर वेखंड आणि मध घासा, जिभेखालची दोरी कापून आणा, हे सगळं मला सांगून झालंय. पक्ष्याचं उष्टं पोटात घालू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो, त्यातून जीवघेणा आजार होऊ शकतो. आणि जिभेची दोरी आखूड असली तर काही उच्चार अडतात, बाळाला दूध ओढायला त्रास होतो, पण मुळात शब्दच नसण्याचं ते कारण नसतं. नवस बोलायचा तर बोला, मीपण मुक्ताईला बोलले होते, त्याला काही साईड इफेक्ट नाही, फक्त नवस बोलून कानाची टेस्ट पुढे ढकलू नका.

जायच्या दिवशीची पिशवी

वही. तीन व्हिडिओ, फोन चार्ज करून. बाळंतपणाचे कागद, किती दिवस काचेत ठेवलं होतं, कावीळ किती होती, हे सगळं विचारतात. लसीकरणाचं कार्ड. घरात अजून कोण उशिरा बोललं त्याची नावं, सासूबाईंना विचारून, त्यांना बरं वाटतं आणि डॉक्टरला खरंच उपयोगी पडतं. दोन वेळचा खाऊ, कारण नंबर कधी लागेल सांगता येत नाही. आणि त्याची सगळ्यात आवडती वस्तू. आम्ही एक प्लॅस्टिकचा डबा नेला होता, मालगाडीचा, चाक तुटलेला, आणि थेरपिस्टने पहिली वीस मिनिटं दुसरं काही काढलंच नाही, तो डबा टेबलावरून नुसता इकडून तिकडे ढकलत बसल्या.